'दमवा म्हणजे शांत होईल': देवपुरातल्या एका पिल्लाचं प्रकरण

धुळ्याच्या देवपूर भागातलं एकमजली घर. पुढे लोखंडी फाटक आणि ओटा, आत हॉल, त्याला लागून स्वयंपाकघर आणि देवघर, वर गच्ची. माणसं चार: नोकरीला जाणारे आई-वडील, इंग्रजी माध्यमात शिकणारी नऊ वर्षांची मुलगी आणि दिवसभर घरी असणारी आजी. पाचवा ब्रुनो. पिवळा लॅब्रॅडॉर, नर, वय चार महिने, वजन १३ किलो. आजी त्याला बुरण्या म्हणते. घर नमुन्यादाखल घेतलं आहे; त्यातल्या चुका मात्र पिल्लू पाळणाऱ्या कुठल्याही खानदेशी घरात सापडतील अशाच आहेत.

तक्रारीला तोंड फुटलं ते बिबड्यांवरून. उन्हाळी वाळवणाचे दिवस. गच्चीवर बाज टाकून, तिच्यावर जुनं धोतर अंथरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडासारखं खानदेशी वाळवण, वाळत घातले होते. आजी पाणी प्यायला खाली उतरली, गच्चीचं दार नुसतं लोटलेलं राहिलं. दहा मिनिटांनी वर जाऊन बघितलं तर धोतराचं एक टोक ब्रुनोच्या तोंडात, निम्मे बिबडे फरशीवर, आणि उरलेल्यांवरून त्याच्या गच्चीभर फेऱ्या चाललेल्या. आजीने काठी उचलली. तो पायरीखाली दडला आणि पहिल्यांदाच गुरगुरला.

बाकीची यादी घरच्यांनी मग भराभर सांगितली. मुलीच्या पोटऱ्यांवर ओरखडे, दोन ओढण्या फाटलेल्या, आजीच्या पदराला लोंबकळणं, आल्यागेल्याच्या छातीवर दोन पाय, चप्पल पळवून दिवाणाखाली नेणं, फिरायला नेताना खांदा उखडेल इतकी ओढ. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, महिन्यावर आली होती. दोन लेकी पोराबाळांसह माहेरी येणार होत्या, त्यातलं एक पोर दीड वर्षाचं. घरच्यांचं निदान ठरलेलं होतं: अंगात मस्ती फार आहे, अजून दमवायला पाहिजे. सकाळी पांझरा नदीच्या काठाने ५० मिनिटं, संध्याकाळी गच्चीवर पाऊण तास चेंडू, आणि एवढ्याने भागेना म्हणून वडील आता त्याला स्कूटरच्या मागे पळवायच्या विचारात होते.

निदान चुकीचं होतं. पिल्लाला व्यायाम कमी पडत नव्हता, झोप कमी पडत होती.

आधी नोंद

आठ दिवस कुणी काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं, असं ठरलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या पाठीमागे तीन रकाने आखले: झोपला कधी ते कधी, दात लावले कधी आणि कुणाला, आणि त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं. तिसरा रकाना लोक हमखास गाळतात. उपयोगाचा तोच असतो.

आठ दिवसांची सरासरी अशी निघाली. झोप चोवीस तासांत साडेदहा तास. या वयाच्या पिल्लाला सोळा ते अठरा लागतात. दात लावण्याचे प्रसंग दिवसाला ३८. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश संध्याकाळी ७ ते ९ या दोन तासांतले, म्हणजे गच्चीवरच्या चेंडूनंतरचे. सगळ्यांत जास्त मुलीला, मग आजीला, वडिलांना सगळ्यांत कमी.

दिवसभर झोप का होत नव्हती हेही कागदावर दिसलं. हॉल हा घराचा रस्ता. कुकरची शिट्टी झाली की उठला, फाटक वाजलं की उठला, भाजीवाला ओरडला की उठला, मुलगी शाळेतून आली की तिनेच उठवला. चार महिन्यांचं पिल्लू तान्ह्या पोरासारखं असतं. झोप अनावर झाली की ते आडवं होत नाही, किरकिरं होतं. पोर रडतं, पिल्लू दात लावतं, कपडे ओढतं, गोल गोल धावतं. ही धावपळ बघून घरचे म्हणायचे, बघा अजून किती दम आहे. मग पुन्हा चेंडू. चेंडूमागे धावणं, करकचून थांबणं, उडी मारून पकडणं यात पिल्लू थकतं, पण निवत नाही. रोज पाऊण तास असं केलं की महिनाभरात त्याचा दम वाढतो आणि पाऊण तास पुरेनासा होतो. शर्यतीचं जनावर घडवायचं असेल तर ही रीत उत्तम.

शरीराचाही प्रश्न आहे. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातीच्या हाडांची वाढीची टोकं वर्ष-सव्वा वर्षापर्यंत कच्ची असतात. स्कूटरमागे धावणं, जिन्यावरून उड्या, फरशीवर घसरत चेंडू पकडणं हे सगळं सांध्यांवर येतं. स्कूटरचा बेत पहिल्याच दिवशी रद्द झाला. स्कूटरचा पाठलाग शिकलेला कुत्रा पुढे रस्त्यावरच्या प्रत्येक स्कूटरमागे धावतो, हा भाग वेगळाच.

तोंड एवढं का चालतं

तीन कारणं एकावर एक बसली होती.

पहिलं जातीचं. लॅब्रॅडॉर पैदाशीत निवडला गेला तो शिकार केलेला पक्षी पाण्यातून तोंडात धरून, न चिरडता आणून देण्यासाठी. वस्तू तोंडात धरणं हा त्याचा दोष नाही, धंदा आहे. ते बंद करता येत नाही. काय धरायचं एवढंच शिकवता येतं.

दुसरं दातांचं. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. ते साधारण तीन-चार महिन्यांच्या सुमारास पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात. ब्रुनो नेमका त्या मध्यावर होता. फरशीवर तांदळाएवढा दात सापडला तेव्हा आजी घाबरली होती. घाबरायचं कारण नाही.

तिसरं कारण माणसांचं. ब्रुनोला ३५ दिवसांचा असताना घरी आणलं होतं. आईचं दूध आणि भावंडांशी कुस्ती यातूनच पिल्लू चाव्याचा जोर मोजायला शिकतं. जोरात चावलं की भावंड खेळ सोडून निघून जातं, एवढाच त्यांचा धडा. तो सहाव्या ते आठव्या आठवड्यात पक्का होतो. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीच्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण 'लहान आणलं की लळा लागतो' ही समजूत नियमाहून जुनी आहे. भावंडांनी शिकवायचा धडा मग माणसांच्या पोटऱ्यांवर गिरवला जातो.

त्यात मुलगी घाबरून किंचाळत पळायची. पिल्लाच्या दृष्टीने किंचाळत पळणारी, फ्रॉक फडफडवणारी वस्तू हे घरातलं सगळ्यांत भारी खेळणं. वडील हात झटकून ओरडायचे. हलणारा हात हेही खेळणंच. वडिलांना कमी चावे का, तर ते दिवसातून दोनच तास घरी जागे असायचे. त्यांचा धाक म्हणून नव्हे.

उन्हाचं गणित

खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा अनेकदा ४२ च्या वर जातो, जळगाव-भुसावळकडे कधीकधी ४५ ही ओलांडतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून जीभ आणि श्वासमार्गातला ओलावा वाफेवाटे उडवणं हाच त्याचा मुख्य उपाय. म्हणून फिरण्याच्या वेळा पिल्लाच्या सोयीने नव्हे, डांबराच्या सोयीने ठरल्या. सकाळी पावणेसहा ते साडेसहा आणि रात्री साडेआठनंतर. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवायची. टेकवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. संध्याकाळी सहाला ऊन उतरलेलं दिसतं, डांबर उतरलेलं नसतं.

धाप थांबेना, लाळ चिकट झाली, जीभ गडद लाल, चाल अडखळती, ही उष्माघाताची चिन्हं. सावलीत आणून अंगावर साधं गार पाणी ओतत राहायचं, पंखा लावायचा, आणि तसंच पशुवैद्याकडे न्यायचं. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, तो थोड्याच वेळात तापतो आणि आतली उष्णता कोंडतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४१ च्या पुढे जिवाशी खेळ आहे.

कूलर कोरड्या हवेत चांगला चालतो. त्याची वायर मात्र पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवरून जाते. ती आधी पीव्हीसी पाइपातून ओवून भिंतीला क्लिपांनी बसवली, मगच पुढचं सगळं.

काय बदललं

सगळ्यांत आधी जागा. देवघर आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी तीन फूट उंचीचं जाळीचं फाटक फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. गच्चीच्या दाराला पिल्लाच्या नव्हे, माणसाच्या विसरभोळेपणाला पुरून उरेल अशी स्प्रिंगची कडी. हॉलमधून हलवून मागच्या खोलीत, रहदारीपासून दूर, चार बाय पाच फुटांचं जाळीचं कुंपण. आत जुनी गोधडी, पाण्याचं जड मातीचं भांडं, वरून कूलरचा आडवा वारा. आजीला 'पिंजरा' शब्द आवडला नाही. तिने त्याला पाळणा म्हणायला सुरुवात केली. हरकत नव्हती. बाळाला ज्या कारणासाठी पाळण्यात टाकतात तेच इथंही होतं.

पाळण्याची सवय चार दिवसांत लावली. पहिले दोन दिवस दार उघडं आणि तिन्ही जेवणं आत. तिसऱ्या दिवशी जेवताना दार लोटलेलं, संपायच्या आत उघडलेलं. चौथ्या दिवशी फिरून, शी-शू करून, पोट भरल्यावर दार लावलं आणि आजी शेजारी निवडणं घेऊन बसली. शिक्षा म्हणून त्यात कोंडायचं नाही, हा एकच नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिला. दुपारी दोन मिनिटं कुईकुई झाली तर थांबायचं. पाच मिनिटांपुढे गेली, आवाज चढत गेला, तर घाई झाली असं समजून एक पायरी मागे.

मग दिवस आखला. पावणेसहाला फिरायला, पण ५० मिनिटं नाही, २५. आणि भराभर नाही: दोन मीटरचा सैल पट्टा, तो थांबेल तिथे थांबायचं, हवं तेवढं हुंगू द्यायचं. वडिलांना हे काही पटेना. एवढ्यात चारशे मीटरही होत नाहीत, हे कसलं फिरणं? पण वीस मिनिटं हुंगून आलेलं पिल्लू घरी येऊन पाणी पिऊन पसरतं, आणि ५० मिनिटं ओढाताण करून आलेलं पिल्लू पायपुसणं फाडतं. आठवड्याभरात त्यांचं त्यांनीच पाहिलं. परत आल्यावर जेवण. साडेसातला पाळणा. दहाला बाहेर, तीन मिनिटं शिकवणी, काहीतरी चावायला. साडेदहा ते एक पुन्हा झोप, एकला जेवण, दीड ते पाच झोप. संध्याकाळचा चेंडू पूर्ण बंद. त्याऐवजी जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत जेवणातलेच दाणे लपवून देणं, हॉलभर दहा ठिकाणी फुटाणे ठेवून शोधायला सोडणं. साडेसातला, म्हणजे पूर्वीच्या तांडवाच्या ऐन वेळी, पाऊण तास पाळणा. साडेआठला दुसरी फेरी, नऊला जेवण, साडेनऊला दिवे बंद.

खाण्याचा हिशेबही यात धरावा लागतो. पिशवीवरच्या तक्त्याप्रमाणे दिवसाचं जे कोरडं खाणं होतं, त्यातली मूठभर सकाळीच वाटीत वेगळी काढायची, शिकवणी त्याच वाटीतून. वरचा खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापुढे नाही आणि तुकडा हरभऱ्याएवढा: उकडलेली बिनमसाल्याची कोंबडी, पनीर, चिमूटभर केळं. पहिल्या आठवड्यात आईने दुधाच्या चीजचे अंगठ्याएवढे तुकडे वापरले आणि तिसऱ्या दिवशी पातळ शी झाली. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, त्यामुळे शेवभाजीचा रस्सा, भरीत आणि खुद्द बिबडेसुद्धा बाद. द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेटही बाद.

चार जणांची चार भाषा

आठ दिवसांच्या नोंदीत एक गंमत निघाली. बसायला सांगताना वडील म्हणायचे 'सिट', आई 'बस', मुलगी 'सिट डाऊन प्लीज' आणि आजी 'बठ'. वडील 'सिट सिट सिट' असं तीनदा म्हणायचे, त्यामुळे ब्रुनो तिसऱ्या 'सिट'ची वाट बघायचा. आजीचं 'हाड' रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी होतं, ते यालाही लागू झालं होतं. आणि 'ब्रुनो!' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा, त्यातले चाळीस रागाने. नाव ऐकून तो दिवाणाखाली जायचा यात नवल नाही.

एका क्रियेला एकच आवाज ठरवायचा होता. कुणाचा? सत्तरी ओलांडलेली बाई 'सिट' म्हणणार नाही, म्हणाली तरी रागात विसरणार. बाकीचे तिघे 'बठ' म्हणू शकतात. कुत्र्याला अहिराणी आणि इंग्रजी सारखीच. तेव्हा 'बठ', 'सोड', 'चाल', आणि बोलावण्यासाठी 'यू यू'. हा शेवटचा शब्द फार कामाचा ठरला. तो लांब जातो, मुद्दाम ठरवूनसुद्धा रागाने म्हणता येत नाही, आणि आजी भाकरीचा तुकडा टाकताना तो आधीपासूनच वापरत होती, म्हणजे त्याच्या खात्यात शिल्लक जमा होतीच. 'हाड' आणि 'नो' दोन्ही बंद. नावाने रागवायचं नाही.

बरोबर केलं त्या क्षणी 'हां!' आणि सेकंदाच्या आत तुकडा. 'बठ' शिकवताना तुकडा नाकासमोर धरून हात डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर जाते, बूड आपोआप टेकतं. एका वेळी पाच, दिवसात चार वेळा. तिसऱ्या दिवसापासून तसाच हात पण रिकामा, तुकडा दुसऱ्या हातातून. पाचपैकी चारदा हाताच्या खुणेने बसू लागला की मग आधी शब्द, मग खूण. शब्द एकदाच, तीन सेकंद वाट, नाही बसला तर गप्प राहून दोन पावलं बाजूला व्हायचं आणि पुन्हा.

'सोड' अदलाबदलीने. चप्पल तोंडात आहे, मागे धावायचं नाही. धावलं की चप्पल हे खेळणं झालं. नाकाशी तुकडा, तोंड उघडलं की 'सोड', तुकडा द्यायचा आणि पाचातल्या तीन वेळा ती वस्तू परतही द्यायची (अर्थात चप्पल नाही, सरावाची दोरी). परत मिळते हे कळलं की लपवायचं कारण उरत नाही. काठी दाखवून हिसकावणाऱ्या घरात याच वयाची पिल्लं वस्तूवर गुरगुरायला शिकतात, आणि पायरीखालचं ते गुरगुरणं त्याचीच सुरुवात होती. जुनी चप्पल 'ही तुला' म्हणून देऊ नये. जुनी-नवी हा फरक आपला आहे, त्याला दोन्हींना चामड्याचा आणि पायाचाच वास.

दात लागतात तेव्हा

मुलीला दोन गोष्टी शिकवल्या. एक, खांब व्हायचं: हात छातीशी, नजर छताकडे, आवाज नाही. दोन, खेळायचं तर लांब खेळण्याने. जुन्या जीन्सच्या तीन पट्ट्यांची दोन फुटी वेणी घालून टोकाला गाठ. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या तोंडात, बोटं आणि दात यांत दीड फूट अंतर. वीस सेकंद ओढाओढ, मग हात ढिला, 'सोड', 'बठ', पुन्हा सुरू. थांबणं आणि पुन्हा सुरू होणं हाच त्या खेळातला खरा धडा.

तरी दात लागलेच तर मोठ्या माणसाने काही न बोलता जाळीच्या फाटकापलीकडे जायचं, तीस सेकंद, आणि परत यायचं. तीन वेळा लागोपाठ असं झालं तर ते पिल्लू झोपेला आलेलं आहे. चौथी संधी नाही, पाळणा. 'आई गं' म्हणून कळवळण्याचा उपाय बरेच जण सांगतात. ब्रुनोसारख्या पिल्लांना त्या आवाजाने आणखी चेव येतो, म्हणून तो सोडून दिला. तोंड धरून दाबणं, नाकावर वर्तमानपत्र मारणं यांतून हात आला की बचाव करायचा एवढंच शिकलं जातं.

हिरड्यांसाठी गाजर फ्रीजमध्ये गार करून, किंवा ओल्या सुती फडक्याला गाठ मारून बर्फकप्प्यात दोन तास. फडकं समोर बसूनच द्यायचं. शिजवलेलं हाड कधीही नाही, त्याच्या टोकदार कपच्या होतात.

कातडी फुटली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, पिल्लाचं लसीकरण झालेलं असलं तरी. घरचंच आहे म्हणून हळद लावून सोडून देणं हा रेबीजच्या देशात परवडणारा धीर नाही. ब्रुनोच्या लसी चौथ्या महिन्यात पूर्ण झाल्या होत्या, रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर.

दुसरा आठवडा बिघडतोच

पहिल्या पाच दिवसांत चावे ३८ वरून २२ वर आले. नवव्या दिवशी ४१. घरच्यांनी सगळं सोडून द्यायची तयारी केली.

हे होणारच होतं. महिनोन्महिने पदर ओढला की आजी ओरडायची, म्हणजे लक्ष मिळायचं. आता ओढला तर काहीच होत नाही. जनावर आधी जोर वाढवून बघतं. बटण दाबून दिवा लागला नाही की आपणही जोरात दाबतोच. या टप्प्यावर एकदा जरी कुणी हार मानली तर पिल्लू शिकतं की ४१ वेळा केलं की मिळतं. त्या आठवड्यात शेजारचे काका आले, छातीवर पाय ठेवून घेत म्हणाले, "असू द्या हो, मला कुत्री आवडतात." चार दिवसांची मेहनत अर्ध्या मिनिटात गेली. नंतर पाहुण्यांसाठी नियम झाला: तो पट्ट्याने बांधलेला असल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. माणसांना शिकवण्यापेक्षा पट्टा सोपा.

सुधारणा चौदाव्या दिवसापासून स्थिर झाली. झोप तोवर सरासरी सोळा तासांवर आली होती. तिसऱ्या आठवड्याअखेर चावे दिवसाला ११, बहुतेक सकाळचे आणि हलके.

आखाजी

पाहुण्यांसाठी गोधडीवर बसणं वेगळं शिकवलं. आधी घंटी नसताना: गोधडीवर चारी पाय पडले की गोधडीवरच तुकडा टाकायचा, हातातून नाही. मग दोन सेकंद, पाच, पंधरा. मग मुलगी बाहेर जाऊन बेल वाजवायची, आत कुणीच यायचं नाही, नुसती बेल आणि तुकडा. रोज दहा-बारा बेला. बेल म्हणजे फाटकाकडे धावायचं हे जाऊन, बेल म्हणजे गोधडीकडे, हे बसायला सतरा दिवस लागले. गोधडीजवळ दिवाणाच्या पायाला चार फुटी दोर बांधून ठेवला, कारण सतरा दिवसांच्या शिकवणीवर दीड वर्षाच्या पोराची जोखीम टाकायची नसते.

आखाजीच्या दिवशी ब्रुनो एकूण पाऊण तास पाहुण्यांत होता, तीन हप्त्यांत, दोरावर. बाकी वेळ मागच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत झोपलेला. भाचरांना सांगितलेलं होतं: जवळ जायचं नाही, त्याला येऊ द्यायचं, खाताना आणि झोपताना हात लावायचा नाही. लहानग्याला मोठ्या माणसाच्या कडेवरूनच दाखवला. कुणाला चावला नाही. एका लेकीच्या साडीवर एकदा पंजा टाकला, तेव्हा दोर आखूड पडला एवढंच.

चूक झाली ती भलतीकडे. आमरसाच्या कोया उघड्या बादलीत टाकल्या होत्या आणि बादली मोरीत, जाळीच्या अलीकडे. कोय गिळली तर आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रिया करावी लागू शकते. नशिबाने त्याने एकच उचलली, आणि मुलीने मागे न धावता पनीर दाखवून 'सोड' म्हटलं. कोय फरशीवर पडली. गिळली असती तर पुढचे दोन-तीन दिवस उलट्या, जेवण सोडणं, शी न होणं यांवर नजर ठेवण्यापेक्षा त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करणं बरं. या घरात आंब्याच्या दिवसांत झाकणाची बादली आता ओट्यावर असते.

पुढचे तीन महिने

फिरताना ओढण्यावर उपाय सावकाश लागू पडला. पुढे छातीशी कडी असलेला हार्नेस घेतला. पट्टा ताणला की माणूस थांबतो, सैल पडला की 'चाल'. सुरुवातीला फाटकापासून कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत जायला अकरा मिनिटं लागली. ओढल्यावर एकदाही पुढे सरकायचं नाही, हे सकाळच्या घाईत वडिलांना जमत नव्हतं, म्हणून घाईच्या दिवशी जुना गळपट्टा आणि सवडीच्या दिवशी हार्नेस अशी वाटणी केली. दोन पट्टे, दोन नियम. हे मात्र पिल्लाला चटकन समजतं. रस्त्यावरचं कुत्रं समोरून आलं की 'हाड' नाही, उचलून पळणं नाही. रस्ता ओलांडून मूठभर दाणे गवतात फेकायचे. खाली नाक घातलेल्या पिल्लात दुसऱ्या कुत्र्याला भांडण्यासारखं काही दिसत नाही.

'यू यू'चा सराव आधी खोलीतून खोलीत, मग गच्चीवर, मग पांझरेकाठी १५ फुटी सुती दोराला लावून. रोज दहा हाका, त्यातल्या नऊ वेळा आल्यावर खाऊ देऊन परत मोकळं सोडायचं. आंघोळ, नखं, खेळ संपवणं यांसाठी हाक मारायची नाही. तेव्हा स्वतः जाऊन पट्टा लावायचा. पावसाळ्यात गोचिडांनी डोकं वर काढलं तेव्हा कुणीतरी गोठ्यात मारायचं औषध पाण्यात मिसळून लावायला सांगितलं. जनावरांच्या मापाचं ते औषध पिल्लाला विषारी पडू शकतं. वजनानुसार पशुवैद्याने दिलेलंच घ्यायचं.

सहाव्या महिन्यात तीनऐवजी दोन जेवणं झाली. सातव्यात पक्के दात आले आणि चावे दिवसाला शून्य ते दोन. आठव्यात 'यू यू' ऐकू येईनासं झालं. कान शाबूत होते, वय आडवं आलं होतं. दोर पुन्हा लावला, तुकडा पुन्हा कोंबडीचा केला, अंतर पुन्हा दहा फुटांवर आणलं. हे महिना-दोन महिने चालतं.

त्यातच श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, घरी बसली. रात्रभर गाणी, डफ, रोटांची गडबड, देवघरापाशी पन्नास माणसं. ब्रुनोला आधीच्या आठवड्यात मोबाइलवर डफाचा आवाज आधी बारीक, मग थोडा मोठा असा जेवताना ऐकवला होता. रात्री आठला लांब फेरी, जेवण, आणि मग मागची खोली, खिडकी बंद, कूलर सुरू, कोंगसारख्या पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून गोठवलेला. साडेदहाला तासभर भुंकला. आई आत जाऊन चटई टाकून बसली, तेव्हा झोपला.

स्कूटर हा विषय शिल्लक आहे. थांबलेल्या स्कूटरजवळून नीट जातो, चालू स्कूटर वीस फुटांच्या आत आली की अजूनही झेप घेतो. सध्या चाळीस फुटांवर उभं राहून, स्कूटर दिसली की तुकडा, असं रोज दहा मिनिटं चालू आहे. गच्चीची कडी तशीच ठेवली आहे. पुढच्या वाळवणालाही ती काढायची नाही, असं आजीने बजावलंय.